कीर्द, खतावणी आणि कळफलक

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडते आणि घोरावाडीच्या आधी एका लहानशा स्थानकावर क्षणभर थांबते. ते बेगडेवाडी. इथे उतरणाऱ्यांत पर्यटक जवळजवळ नसतातच. असतात ते पिंपरी-चिंचवडच्या पाळ्या करून परतणारे कामगार, शाळेची मुले आणि हातात जेवणाच्या डब्यासोबत सुट्या भागांची पिशवी धरलेला एखादा छोटा कारखानदार. असा एक कारखानदार माझे वडील होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक ग्राइंडर आणि वर पत्र्याची शेड, एवढाच त्यांचा कारखाना. तो 2004 साली बंद पडला.

तो का बंद पडला, याचे आमच्या घरात ठरलेले एक उत्तर होते : ‘अण्णांनी काळाबरोबर बदल केला नाही.’ हे उत्तर मीच प्रथम दिले होते. मी वाणिज्य शाखेची शिक्षिका. अठ्ठावीस वर्षे मुलांना पुस्तपालन शिकवले. त्यामुळे माझ्या मताला घरात वजन होते. तीन वर्षांपूर्वी माळा रिकामा करताना लाल कापडात बांधलेल्या अण्णांच्या वह्या सापडल्या आणि त्या उत्तराची मला प्रथमच शंका आली. हा लेख त्या शंकेतून निघाला आहे.

वहीपूजनाची दोन वर्षे

गठ्ठ्यात रोजमेळ होते, खतावण्या होत्या, चलनांच्या प्रती होत्या आणि कामगारांचे हजेरीपट होते. 1988 पर्यंतची प्रत्येक कीर्द दिवाळीत सुरू होते आणि पुढच्या दिवाळीत संपते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, ‘श्री’, खाली ‘शुभ’ आणि ‘लाभ’. 1989 पासून मात्र प्रत्येक वही एक एप्रिलला सुरू होते. अण्णांची श्रद्धा बदलली नव्हती, कायदा बदलला होता. तोवर व्यापाऱ्याला आयकरासाठी आपले हिशेबाचे वर्ष निवडण्याची मुभा होती. कुणाचे वर्ष दिवाळी ते दिवाळी, कुणाचे गुढीपाडव्यापासून, कुणाचे इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे. 1 एप्रिल 1989 पासून सर्वांसाठी मार्चअखेर ठरली. अण्णांनी त्यावर आपला तोडगा काढला. वही एप्रिलमध्ये उघडायची, पण कुंकू लक्ष्मीपूजनालाच लावायचे. म्हणून नंतरच्या सगळ्या वह्यांत स्वस्तिक पहिल्या पानावर नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानावर, मधोमध आहे.

ही पाने पाहताना जाणवले की छोट्या धंद्याच्या हिशेबाची पद्धत धंदेवाल्याने आपण होऊन क्वचितच बदललेली आहे. बहुतेक वेळा ती बाहेरून बदलली गेली. त्याने ती पाळली, आणि पाळता पाळता आपले जुने त्यात कुठेतरी राखून ठेवले. आज आपण ज्याला डिजिटलीकरण म्हणतो, ते याच लांब मालिकेतले ताजे प्रकरण आहे.

दगडापासून दशमानापर्यंत

बेगडेवाडीहून दिसणाऱ्या घोरावडेश्वराच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट इथल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने दिलेल्या दानाची नोंद आहे. पुढे कार्ल्याच्या चैत्यगृहात त्याच धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि तिथलाच एक सुतार, दोघेही प्रवेशद्वाराच्या कामाशी जोडलेले आपले नाव कोरून गेले आहेत. मावळातल्या छोट्या व्यावसायिकांच्या या सर्वांत जुन्या लेखी खुणा.

नाशिकच्या लेण्यांतला उषवदाताचा लेख त्याहून थेट हिशेबाचा आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, तर दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने. आणि हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कारागिरांच्या संघावर ठेव ठेवण्याइतका भरवसा होता, आणि त्या भरवशाला सार्वजनिक नोंदीचा आधार होता. नोंद ही मुळात दुसऱ्याला दाखवण्याची गोष्ट आहे. ती स्वतःला पाहण्यासाठीही असू शकते, हे फार उशिरा सुचते.

पेशवाईतल्या दप्तरांनी हिशेबाला शब्दांचे भांडार दिले. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, झडती हे शब्द मोडी रुमालांतून व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर आणि तिथून माझ्या वर्गातल्या फळ्यावर आले. मोडीत लिहिणारा कारकून हात न उचलता झरझर लिही. ती त्या काळची गतीच होती. छापखाना आणि शाळा यांच्यासोबत बालबोध लिपी पसरली, मोडी मागे पडत गेली आणि ती वाचणारा मुनीमही त्याबरोबर गेला.

त्यानंतरचा मोठा धक्का 1 एप्रिल 1957 चा. त्या दिवशी दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. आता रुपयाचे शंभर नवे पैसे. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा ‘सव्वा’ दुकानदारांच्या जिवाला लागला, कारण पाव नव्या पैशाचे नाणे नव्हते. दुकानादुकानांत रूपांतराचे तक्ते टांगले गेले. पावकी, निमकी, पाउणकी तोंडपाठ असलेल्यांची विद्या काही वर्षांत निरुपयोगी झाली. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलोग्रॅम आला. त्या पिढीला जो घोर लागला, तो आजच्या ‘पासवर्ड विसरलो’पेक्षा लहान नव्हता.

करांनीही वही बदलली. मुंबई प्रांतात विक्रीकर आला 1946 साली. 1985 पासून ठरावीक उलाढालीच्या वरच्या धंद्यांना आयकरासाठी लेखापरीक्षण सक्तीचे झाले. 2005 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात व्हॅट आला आणि नंतरच्या वर्षांत त्याची विवरणपत्रे हळूहळू संगणकावरूनच भरावी लागू लागली. प्रत्येक पायरीवर छोट्या धंदेवाल्याने तक्रार केली, मग एक माणूस गाठला (आधी मुनीम, मग कर-सल्लागार) आणि काम त्याच्यावर सोपवले.

वळवणच्या पाण्याचा धडा

नवे साधन घेतले की धंदा सुधारतो का? अर्थशास्त्रात हा प्रश्न 1987 साली गाजला. नोबेल-विजेते रॉबर्ट सोलो यांनी त्या वर्षी असे निरीक्षण नोंदवले की संगणकाचे युग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. त्यावर पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने 1990 मध्ये दिलेले उत्तर विजेच्या इतिहासातून आले होते, आणि ते समजून घ्यायला मावळासारखी जागा नाही.

लोणावळ्याच्या वळवण आणि शिरवत्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीला वीज निर्माण केली, ती 1915 साली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. पुढे आंध्रा खोऱ्यातले ठोकळवाडीचे धरण झाले, मुळशीचे झाले. मुळशीसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे. ज्यांच्या डोंगरावर पाणी अडले, त्यांच्या घरात दिवा यायला त्यानंतर कित्येक वर्षे गेली. साधन जवळ असणे आणि ते आपल्या उपयोगी पडणे, यांतले अंतर मावळाने असे पाहिले आहे.

डेव्हिड यांचा मुद्दा कारखान्याच्या आतला होता. एडिसनचे न्यूयॉर्कमधले वीजकेंद्र 1882 साली सुरू झाले, पण अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता विजेमुळे ठळकपणे वाढली ती 1920 च्या दशकात. मधली चाळीस वर्षे काय झाले? कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून त्याच जागी एक मोठी विजेची मोटर बसवली. वरचा लांब दांडा, त्यावरचे पट्टे, यंत्रांची रांग, सगळे होते तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि कामाच्या ओघाप्रमाणे यंत्रे नव्याने मांडली गेली, तेव्हा कुठे विजेचे चीज झाले. जुन्या मांडणीत बसवलेले नवे साधन जुन्यासारखेच चालते.

झाकून ठेवलेला संगणक

आता कबुली. अण्णांनी बदल केला नाही, हे खरे नव्हते. 1999 साली त्यांनी संगणक घेतला होता, तोही माझ्या आग्रहावरून आणि पतपेढीचे कर्ज काढून.

पार्श्वभूमी सांगायला हवी. 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पिंपरीच्या माळावर आधुनिक उद्योगाची सुरुवात केली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. टेल्को, बजाज अशा मोठ्या कारखान्यांभोवती शेकडो छोट्या शेडी उभ्या राहिल्या, आणि त्या रेल्वेच्या कडेने देहूरोड, तळेगावपर्यंत सरकत आल्या. अण्णा अशाच एका पुरवठादाराचे पुरवठादार होते. पिना, बुश, फ्लँज बनवायचे. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, मोटारींच्या जागतिक कंपन्या आल्या आणि वरच्या कारखान्यांना माल वेळेवर, मोजका आणि निर्दोष हवा झाला. साखळीतल्या प्रत्येक कडीवर त्याचा ताण आला. अण्णा ज्यांना माल देत, त्या कंपनीने कळवले : यापुढे बिले छापील आणि संगणकावरची हवीत.

त्या वेळी छोट्या धंद्यांत ‘टॅली’ हा शब्द ‘झेरॉक्स’सारखा सामान्यनाम झाला होता. तिचा जन्मही छोट्या धंद्याच्या गरजेतूनच झाला. गिरण्यांना सुटे भाग आणि कच्चा माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या हिशेबाला जुळणारी आज्ञावली मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी ती लिहिली आणि 1986 साली कंपनी सुरू झाली. सांकेतिक क्रमांकांची कटकट नाही, खात्याचे नाव लिहा आणि नोंद करा. खतावणी जाणणाऱ्याला ती परकी वाटली नाही.

अण्णांच्या शेडमध्ये संगणक आला, त्याला हार घातला, कळफलकावर कुंकू पडले म्हणून भाऊ चिडला. लेथच्या लोखंडी किसापासून वाचवायला त्यावर आईने शिवलेले कापड घालण्यात आले. आठवड्यातून दोनदा एक मुलगा येई, अण्णांच्या हाताने लिहिलेली बिले टंकून छापून देई आणि कापड पुन्हा झाकून जाई. पाच वर्षे हे असे चालले. दांडा तोच, पट्टे तेच, फक्त मोटर नवी. मी दर रविवारी माहेरी येई आणि ‘अण्णा, संगणक नीट वापरा’ म्हणून जाई. नीट म्हणजे काय, हे मी त्यांना एकदाही सांगितले नाही. खरे तर मलाही ते ठाऊक नव्हते.

धाक, ओढ आणि उमज

संशोधक नव्या तंत्राच्या स्वीकाराची कारणे तीन गटांत मांडतात : तंत्र कसे आहे, संस्था कशी आहे आणि भोवतालचे वातावरण कसे आहे. ही मांडणी टोर्नात्झ्की आणि फ्लायशर यांची, 1990 ची. मावळातल्या शेडी पाहून मी तिला घरगुती नावे दिली आहेत. वातावरणातून दोन गोष्टी येतात, सरकारचा धाक आणि गिऱ्हाइकाची ओढ. संस्थेच्या आतून यायला हवी ती उमज.

धाक आणि ओढ यांची सांगड इतकी घट्ट पूर्वी कधी नव्हती, जितकी वस्तू आणि सेवा कराने घातली. हा कर 1 जुलै 2017 ला आला. मालाच्या वाहतुकीसाठी ई-वे बिल 2018 मध्ये. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर 2020 मध्ये पाचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने खाली उतरत ऑगस्ट 2023 मध्ये पाच कोटींवरच्या धंद्यांपर्यंत पोहोचले. मर्म मात्र वजावटीत आहे. पुरवठादाराने आपले बिल विवरणपत्रात दाखवले तरच ते खरेदीदाराच्या खात्यात उमटते, आणि 1 जानेवारी 2022 पासून तसे उमटल्याशिवाय खरेदीदाराला कराची वजावटच मिळत नाही. म्हणजे छोट्याने आळस केला तर मोठ्याचे पैसे अडकतात. कर-निरीक्षकाचे काम खरेदी विभागाचा कारकून करू लागला. ‘विवरणपत्र भरा, नाहीतर पुढची ऑर्डर नाही.’ दहा प्रशिक्षण शिबिरांनी झाले नसते ते या एका वाक्याने केले.

ग्राहकाच्या बाजूने दुसरी लाट आली. यूपीआय 2016 च्या एप्रिलमध्ये सुरू झाले, त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि 2020 च्या टाळेबंदीने उरलेली भीड मोडली. आज लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात आणि बाहेर कणसे भाजणाऱ्या मावशींच्या गाडीवर सारखाच चौकोनी ठिपक्यांचा फलक असतो. उषवदाताच्या फलकाची आठवण येते.

पण धाक आणि ओढ यांनी येते ते पालन. कामगिरी सुधारते का, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक चांगले उत्तर भारतातच शोधले गेले आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव परिसरातल्या कापड कारखान्यांत प्रयोग केला. 17 कंपन्यांचे 28 कारखाने. त्यांतल्या काहींना सल्लागारांनी साध्या सवयी लावून दिल्या : दोष रोज नोंदवा, यंत्र का थांबले ते लिहा, सूत कुठे किती आहे ते मोजा, आणि रोज सकाळी त्या आकड्यांवर बोला. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्के वाढली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट अशी की त्या कारखान्यांत संगणकाचा वापर वाढला तो या सवयींच्या पाठोपाठ. आधी पाहण्याजोगे आकडे झाले, मग ते पाहायला यंत्र लागले. आम्ही बेगडेवाडीत नेमके उलटे केले होते. मालकांनी हे आधी का केले नव्हते, याचेही कारण साधे निघाले. त्यांना वाटत होते आपले बरे चालले आहे.

तळेगावचा पैसा फंड काच कारखाना हेच शतकापूर्वी सांगून गेला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, टिळकांनी पाठबळ दिले आणि 1908 मध्ये कारखाना उभा राहिला. भांडवल लोकांनी पैशापैशाने दिले, पण भट्टी चालली ती परदेशात काचकाम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या जाणकारीवर. नुसत्या पैशाने काच वितळत नाही.

गठ्ठ्याचे उत्तर

मग मी तेच केले, जे पाच वर्षे झाकलेल्या त्या संगणकाने करायला हवे होते. अण्णांच्या शेवटच्या चार वर्षांच्या नोंदी मी घरच्या लॅपटॉपवर उतरवल्या. बिले एका बाजूला, हजेरीपट दुसऱ्या बाजूला. अण्णा हजेरीपटात जादा तासांपुढे बारीक अक्षरात कामाचे नाव लिहीत : ‘फ्लँज, रात्र’. ‘फ्लँज, रविवार’. ‘फ्लँज परत आले, दुरुस्ती’. दोन महिन्यांच्या कामानंतर चित्र स्पष्ट झाले. पिना आणि बुश यांत नफा होता. फ्लँजचा दर वर्षानुवर्षे तोच होता, त्यात जवळजवळ निम्मे तास जात होते आणि दुरुस्तीचा खर्च कुठेच धरलेला नव्हता. शेड दिवसा जे कमावत होती, ते रात्री फ्लँजवर घालवत होती. सर्व माहिती वहीत होती. दोन वह्या कधी एकमेकींशेजारी ठेवल्या गेल्या नाहीत, एवढेच.

दुसरी गोष्ट खतावणीत होती. जिच्यासाठी छापील बिले सुरू केली, त्या कंपनीच्या खात्यावर चार-चार महिन्यांची येणी. बिल सुबक छापलेले, पैसे मात्र जुन्याच चालीने. पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचे बंधन घालणारा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा 2006 चा, म्हणजे शेड विकल्यानंतरचा. त्याआधी, 1993 पासून, थकलेल्या पैशावर व्याज मागण्याचा हक्क कायद्यात होता. पण ज्याच्या एका ऑर्डरवर घर चालते, त्याच्याकडे व्याज कोण मागणार? बिले वठवण्यासाठी ‘ट्रेड्स’सारखे ऑनलाइन मंच आले ते 2017 पासून. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत मोठ्याला खर्चात धरता येत नाही, ही आयकरातली तरतूद लागू झाली 2024 च्या एप्रिलमध्ये. तिचा सगळा लाभ छोट्यांना मिळतोच असे नाही. नोंदणीचा दाखला मागून मग ऑर्डरच दुसरीकडे वळवल्याच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. तरीही येणे किती दिवसांचे आहे हे आज पडद्यावर तारखेसह दिसते, आणि त्यावर बोलता येते. अण्णांकडे बोलायला फक्त ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढेच उत्तर आले.

तेव्हा घरातले उत्तर मला बदलावे लागते. अण्णांनी काळाबरोबर बदल केला होता. धाकाने केला, ओढीने केला, कर्ज काढून केला. त्यांना कुणी सांगितले नाही ते एवढेच की यंत्राला विचारायचा प्रश्न कोणता. तो प्रश्न — ‘या एका नगामागे मला काय उरते?’ — विचारायला शिकवणे हे माझे रोजचे काम होते. वर्गात मी परिव्यय लेखांकनाचे प्रकरण दरवर्षी घेत असे. शेडमध्ये येऊन ते कधी घेतले नाही.

माझ्या भाच्याचे आता तळेगावजवळ छोटे वर्कशॉप आहे. संगणक-नियंत्रित दोन यंत्रे आहेत आणि हिशेब मोबाइलवरही दिसतो. गेल्या दिवाळीत मी त्याला अण्णांचा हजेरीपट दाखवला. तो बराच वेळ ‘फ्लँज, रात्र’ या ओळी वाचत राहिला. मग म्हणाला, “मावशी, माझ्याकडेही असा एक जॉब आहे. बंद केला तर पार्टी नाराज होईल, म्हणून चालू ठेवलाय.” त्याचे आकडे आम्ही दोघांनी भाऊबीजेच्या दुपारी मांडले. पाडव्यानंतर त्याने दर वाढवून मागितला. पार्टीने मागितलेला सगळा दिला नाही, काही दिला. उरलेल्यासाठी त्याने तो जॉब कमी केला.

या लक्ष्मीपूजनाला त्याने लॅपटॉपशेजारी ठेवायला अण्णांची एक वही मागून घेतली आहे. मी त्याला 2003 ची दिली. तिच्यात ऑक्टोबरच्या पानावर स्वस्तिक आहे, आणि पुढची काही पाने सोडली तर ती कोरी आहे.